57 फुटी नॅरोबोट : गोदीतला आठवडा आणि त्याच्या आगेमागची कामं

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवर चालणारी लांब, अरुंद होडी. ही 1998 ची, पोलादी. लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच. पत्रा मूळचा 10-6-4, म्हणजे तळ 10 मिमी, कडा 6 मिमी, केबिन 4 मिमी. कायमची जागा ग्रँड युनियन कालव्याच्या स्लाउ फाट्यावर. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, 38 अश्वशक्तीचं.

जुनी होडी घेणाऱ्याला कोणतं काम कशाच्या आधी करायचं हे कळावं, एवढ्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. वेल्डिंगच्या आधी रंग झाला तर रंग जळतो, आणि सर्वेच्या, म्हणजे पत्र्याच्या तपासणीच्या, आधी झाला तर खड्डे झाकले जातात. गोदी म्हणजे होडी आत घेऊन पाणी काढून टाकतात ती जागा. तिचं भाडं दिवसावर असतं, त्यामुळे क्रम चुकला की पैसे लगेच जातात.

12 ऑक्टोबर 2024 : तारखा जुळवणं

ब्रिटिश वॉटरवेज कायदा, 1995 प्रमाणे लायसन्ससाठी तीन गोष्टी लागतात : बोट सेफ्टी स्कीमचं चालू प्रमाणपत्र, विमा, आणि होडी ठेवायला कायमची जागा. जागा नसेल तर होडी खरोखर फिरती ठेवावी लागते, एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. एप्रिल 2024 पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही कालवे सांभाळणारी संस्था अशा बिनजागेच्या होड्यांना लायसन्सवर जादा आकार लावते. तेव्हा जागेचं भाडं वाचवायला निघालेल्यांनी हिशोब नव्याने करावा.

या होडीचं सुरक्षा प्रमाणपत्र 9 एप्रिलला संपतं, लायसन्स 30 एप्रिलला. विमा 1 एप्रिलला, आणि होडी 25 वर्षांपलीकडची असल्याने विमावाल्यांनी पाण्याबाहेरचा सर्वे मागितला आहे. म्हणजे मार्चच्या मध्यात गोदी हवीच. ती आत्ताच धरून ठेवली, कारण वसंतातल्या तारखा दिवाळीच्या सुमारासच भरतात.

गोदी ठरवण्याआधी ट्रस्टची हिवाळी कामांची यादी पाहावी. लॉक म्हणजे होडीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दरवाजांची कोठडी. तिचे दरवाजे बदलणं, भिंती दुरुस्त करणं ही कामं बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढतात. वाटेतलं एक लॉक बंद असलं तर गोदीची तारीख आणि आगाऊ रक्कम दोन्ही फुकट जातात.

एक गैरसमज सगळीकडे दिसतो. सुरक्षा प्रमाणपत्र म्हणजे होडी धडधाकट असल्याचा दाखला, असं लोक धरून चालतात. ती तपासणी गॅस, इंधन, वीज, आग आणि हवा यांची असते. पत्रा किती जाड उरला आहे ते परीक्षक बघत नाही. ते बघणं मालकाकडेच राहतं.

16 नोव्हेंबर : हिवाळ्याची तयारी

पाण्याचा पंप बंद केला, सगळे नळ उघडले, गरम पाण्याची टाकी खालच्या कॉकमधून रिकामी केली, नळ अर्धे उघडे ठेवले. इंजिनातलं अँटिफ्रीझ दोन वर्षांचं झालं होतं म्हणून बदललं, पाण्याशी निम्मं-निम्मं. डिझेलची टाकी काठोकाठ भरली. रिकाम्या जागेत ओल धरते, ते पाणी तळाशी साठतं आणि त्यात बुरशीसारखी घाण वाढून फिल्टर तुंबतात. सिलिंडर बंद. सिलिंडर प्रोपेनचेच ठेवावेत. ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास तयारच होत नाही.

11 जानेवारी 2025

कालव्यावर बर्फाची कड. होडी हलवली नाही. बर्फातून होडी नेली की पाण्याच्या रेषेवर पत्र्याला दिलेलं डांबर सुरीने खरवडल्यासारखं निघतं, आणि शेजारी लाकडी किंवा फायबरची होडी असेल तर तिला चिरा पडू शकतात.

नळ उघडे असूनही शॉवरचा मिक्सर फुटला. शॉवरची लवचीक नळी वर अडकवलेली होती, तिच्या झोळात पाणी राहिलं आणि ते मिक्सरपर्यंत गोठलं. नवा मिक्सर 64 पौंड. नळी मिक्सरवरून काढून खाली लोंबती ठेवायची, हे नोव्हेंबरच्या यादीत घातलं.

22 फेब्रुवारी : परीक्षक येण्याआधी आपली तपासणी

सुरुवात गॅसपासून. सिलिंडरचा कप्पा नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला असतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर त्याने त्या भोकातून कालव्यावर जायला हवं, भोक तुंबलं असेल तर तो होडीच्या पोटात उतरतो. इथं सिलिंडरखालची रबरी चटई सरकून भोकावर आली होती, आणि तिच्याखाली गंजाचे पापुद्रे व पानांचा लगदा होता. तार घालून साफ केलं, बादलीभर पाणी ओतून ते विनाअडथळा बाहेर पडतं हे पाहिलं, चटई कापून आखूड केली.

मग बबल टेस्टर, म्हणजे गॅसच्या नळीवरचं गळती दाखवणारं उपकरण. सिलिंडर उघडा, शेगडी आणि गिझर बंद, बटण दाबून दहा सेकंद काचेत बघायचं. बुडबुडा दिसला तर कुठेतरी गळती आहे. इथं बारीक बुडबुडे येत होते. साबणाचं पाणी लावल्यावर शेगडीमागच्या जोडावर फेस आला. जोड बदलायला बोटींवरच्या एलपीजीची मान्यता असलेला गॅस सेफ या ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या यादीत नोंद असलेला माणूस बोलावला, 85 पौंड. होडी राहतं घर असेल तर कायद्यानेच असा माणूस लागतो. फिरण्यापुरती असली तरीही गॅसच्या जोडाला आपण पाना लावू नये, असं आमचं ठाम मत आहे.

बाकीचं भराभर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचा आहे. इथला चालत होता, पण मागे छापलेली मुदत संपलेली, म्हणून नवा लावला. 11 मीटरपेक्षा लांब होडीला तीन अग्निशामक लागतात, तिन्हींचे काटे हिरव्यात. बॅटऱ्यांचे पट्टे घट्ट. एका धन टोकावरची टोपी हरवली होती, ती घातली. दाराखालची हवेची जाळी थंडीत कुणीतरी पुठ्ठ्याने बंद केली होती. कोळशाची शेगडी पेटलेली आणि जाळी बंद, यातून माणसं दगावतात. पुठ्ठा काढला आणि जाळीवर पाटी लावली.

15 मार्च : गोदीत

येण्याआधी पाण्याची टाकी रिकामी केली, संडासाची कॅसेट ओतून आणली. गोदीतलं पाणी काढल्यावर होडी आडव्या धिऱ्यांवर बसते, तेव्हा वजन जितकं कमी तितकं बरं.

पाणी उतरल्याबरोबर जेटने धुवायला घ्यावं. शेवाळ आणि शिंपले ओले असेपर्यंत सोलून निघतात, एकदा वाळले की चिकटून बसतात. नाळेकडून मागे, वरून खाली, दोन्ही बाजू, मग पंखा (प्रोपेलर) आणि सुकाणू.

गोदीत इंजिन चालवायचं नाही. हे इंजिन कडेच्या पत्र्याला लागून असलेल्या टाकीतून, म्हणजे कालव्याच्या पाण्यानेच थंड होतं. बाहेर पाणी नसेल तर ते तापत जातं.

16 मार्च : सर्वे

सर्वेयरने अल्ट्रासोनिक मापकाने फूट-फुटावर वाचनं घेतली. तळ 9.3 ते 9.7 मिमी. कडा 5.2 ते 5.6. पाण्याच्या रेषेवर सगळ्यात कमी 4.7. विमावाले बहुधा 4 मिमीची रेघ ओढतात, त्याखाली गेलं की वरून पत्रा चढवायला सांगतात, आणि तो खर्च काही हजार पौंडांत जातो.

मागच्या निमुळत्या भागात उजव्या बाजूला नारिंगी फोड होते. फोडला की आत काळा ओला गाळ आणि खाली लख्ख चकाकणारा खड्डा. ही जिवाणूंची खोड. साधा गंज खरवडून रंग लावला तर चालून जातं, इथं चालत नाही. जिवाणू रंगाखाली जिवंत राहतात आणि खड्डा खोल होत जातो. सर्वेयरच्या सांगण्यावरून तो भाग ब्लीच घातलेल्या गोड्या पाण्याने धुतला, मग नुसत्या पाण्याने, दोनदा. तीन खड्डे 1.5 मिमीपेक्षा खोल निघाले, ते वेल्डने भरायचं ठरलं.

अॅनोड, म्हणजे पत्र्याला बाहेरून जोडलेले धातूचे ठोकळे, तीन वर्षांपूर्वीचे. पुढची जोडी निम्मी शिल्लक, मागच्या जोडीच्या नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. अॅनोड आपण झिजून पत्र्याला वाचवतो, पण इतक्या लवकर संपायला नको होता. कारण शोधायला किनाऱ्यावरच्या विजेची जोडणी उघडली. जागेवर सगळ्या होड्या एकाच अर्थिंगच्या तारेने जोडलेल्या असतात आणि कालव्याच्या पाण्यातून त्यांची एक मोठी बॅटरी तयार होते. तो प्रवाह अडवायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर असतो. वीज तोडून मल्टिमीटर डायोडवर ठेवून तो तपासला. चांगला असता तर दोन्ही दिशांना 0.9 व्होल्टच्या आसपास दाखवलं असतं, इथं दोन्हीकडे शून्य. आतले डायोड शॉर्ट झालेले. नवा 95 पौंडांना. तो न बदलता नुसते अॅनोड लावले असते तर पुढचे अॅनोडही तसेच गेले असते, आणि त्यांच्यामागून पत्रा.

17 मार्च

ठरलेला वेल्डर आला नाही. गोदीचा एक दिवस, म्हणजे 100 पौंड, गेला. रंग सुरू करता येत नव्हता, म्हणून ग्राइंडरला तारेचा कप लावून दोन्ही कडा घासल्या. जुनं डांबर घट्ट असेल तिथं ठेवलं, सुटं तेवढं काढलं. कप फार वेळ एका जागी धरला की डांबर तापून वितळतं आणि पत्र्यावर चोळलं जातं. हात हलता ठेवावा.

18 मार्च : वेल्डिंग

कालव्याचं पाणी गोडं, म्हणून अॅनोड मॅग्नेशियमचेच. मुंबई-कोकणात समुद्री होड्यांना जस्ताचे लावतात ते खाऱ्या पाण्यासाठी बरोबर. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं. चार अॅनोड, दोन नाळेजवळ, दोन मागे. बसवण्यासकट प्रत्येकी 90 पौंड.

वेल्डिंग बाहेरून होतं, पण आग आत लागते. पत्र्याच्या आतल्या बाजूला फोम, लाकूड आणि तारा असतात. त्यामुळे वेल्डरच्या प्रत्येक टाक्याच्या वेळी एक माणूस आत, फळी उचकटून, ओलं फडकं आणि अग्निशामक घेऊन बसला. मागच्या डाव्या अॅनोडच्या वेळी आतला रंग धुरायला लागला, फडक्याने दाबला. काम संपल्यावर तासभर आत कुणीतरी थांबणं गरजेचं. डिझेलच्या टाकीच्या भिंतीवर किंवा तिच्या लगत टाका मारू द्यायचा नाही. बॅटऱ्यांच्या तारा आधी सोडल्या होत्या.

खड्डे भरण्याचे 160 पौंड.

19 ते 21 मार्च : डांबराचे हात

टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा रंग) जास्त वर्षं टिकतं, पण त्याला पत्रा ब्लास्टिंग करून, म्हणजे कणांचा जोरदार मारा करून, उघडा करावा लागतो. जुन्या डांबरावर ते बसतच नाही. ब्लास्टिंगचा खर्च या वर्षी झेपणारा नव्हता, म्हणून डांबर. दोन-तीन वर्षांनी परत करावं लागेल.

दोन्ही कडा मिळून साधारण 38 चौ. मी. लिटरला 6-7 चौ. मी. धरले तर एका हाताला सहा लिटर, खडबडीत पत्र्यावर पहिला हात जास्त खातो. 20 लिटर आणलं, 140 पौंड. तीन हात आणि पाण्याच्या रेषेवर फूटभर रुंदीचा चौथा पट्टा एवढ्यात झालं. हवा आणि पाणी दोन्ही मिळतात ती हीच रेषा, आणि लॉकच्या भिंतीला घासते तीही हीच.

आकाश निरभ्र होतं, तरी ओलीने त्रास दिला. रात्री थंडी पडते आणि सकाळी गोदीच्या भिंतीकडचा पत्रा घामेजलेला असतो, हात लावल्याशिवाय ते दिसत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं. पहिल्या दिवशी सकाळी नवाला सुरुवात झाली. सावलीतल्या बाजूचा मधला दीड मीटर दुपारपर्यंत राखाडी पडला आणि नखाने सोलून निघाला. तेवढा भाग खरवडून, गरम हवेने वाळवून परत केला, अर्धा दिवस गेला. त्यानंतर उन्हाची बाजू आधी आणि सावलीची अकरानंतर, असं ठेवलं.

दोन हातांत एक रात्र जाऊ दिली. डब्यावर काही तासांचा अवधी छापलेला असतो, तो उबदार हवेतला. मार्चमध्ये घाई केली तर वरचा हात खालच्याला मऊ करतो आणि रोलरला सगळं गोळा होऊन येतं.

बेसिनची निचरा-भोकं आतून बोळे घालून बंद केली होती, तरी एकाने किटलीतलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि ताज्या डांबरावर ओघळ उतरला. गोदीत असेपर्यंत नळावर चिकटपट्टी मारून ठेवावी.

अॅनोडला रंग लागू द्यायचा नाही. कागद चिकटवला होता, शेवटी काढला.

तळ रंगवला नाही. कारखान्यातून आलेली निळसर खपली त्याच्यावर अजून आहे. ब्लास्टिंगशिवाय वरून डांबर दिलं तर ते खपलीवर बसतं, आणि खपली फुटेल तिथं खड्डा पडतो. वाचनं चांगली आहेत, पुढच्या वेळी टू-पॅक करताना तळासकट करायचं.

22 मार्च : ग्लँड, पंखा, झाकण

पंख्याचा शाफ्ट होडीतून बाहेर जातो तिथं पाणी अडवते ती ग्लँड दोरी. तरंगत्या होडीतही ती बदलता येते, पण पाणी आत येत असताना. गोदीत असतानाच केलेलं उत्तम.

शाफ्ट 38 मिमी, दोरी बसते त्या पेटीचं भोक 50 मिमी, म्हणजे दोरी 6 मिमीची. अंदाजाने आणू नये. 8 ची बसत नाही आणि 5 ची गळते. त्याच जाडीच्या पाइपाभोवती दोरी गुंडाळून तिरकी, 45 अंशांत कापली, प्रत्येक कडं साधारण 138 मिमी. जुनी कडी आकड्याने काढताना दोन सहज आली. तिसरं, सगळ्यात आतलं, कडक होऊन भिंतीला चिकटलं होतं. ते तसंच ठेवून वर दोन नवी घालणारे बरेच असतात, आणि मग महिन्याभरात पुन्हा गळती सुरू होते. टॉर्च लावून, आकडा फिरवत तुकड्या-तुकड्याने काढलं, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. नवी कडी ग्रीस लावून एकेक बसवली, सांधे एकमेकांपासून 120 अंशांवर. नट सध्या फक्त बोटांनी आवळले.

पंखा वर-खाली हलवून पाहिला, खळखळ नाही. सुकाणूचं खालचं बेअरिंग ठीक.

पंख्यात अडकलेलं गवत काढायला त्याच्यावर झाकण असतं. त्याची रबरी पट्टी कडक झाली होती, बदलली. बसली की नाही ते पाहायला काठाला खडू फासला, झाकण आवळलं, उघडलं. पट्टीवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. एका कोपऱ्यात तुटक आली म्हणून पट्टी काढून पुन्हा चिकटवली. हे झाकण नीट नसेल तर पंख्याने उसळलेलं पाणी इंजिनच्या खोलीत शिरतं, आणि होड्या बुडण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे.

24 मार्च : पाण्यात

पाणी गुडघ्याइतकं चढल्यावर थांबवायला सांगितलं. एक माणूस ग्लँडपाशी, एक झाकणापाशी, दोघांकडे टॉर्च. ग्लँडमधून धार आली, ग्रीसरचे, म्हणजे ग्रीस आत ढकलणाऱ्या स्क्रूचे, चार फेरे दिल्यावर थांबली. मग पूर्ण पाणी.

गोदीचे एकूण 800 पौंड. सर्वे 540.

2 एप्रिल : सुरक्षा तपासणी

एकच मुद्दा अडला. इंजिनकडून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलच्या नळीवर आयएसओ 7840 या आगीत टिकणाऱ्या नळीच्या मानकाची खूण नव्हती. फेब्रुवारीत येणारी नळी पाहिली, जाणारी राहिली, कारण ती बॅटरीच्या पेटीमागून जाते. नवी नळी आणि दोन क्लिपा 22 पौंड. परीक्षक 7 तारखेला पुन्हा येऊन गेला, प्रमाणपत्र चार वर्षांचं मिळालं. तपासणीचे 210 पौंड, दुसऱ्या खेपेचे वेगळे 40. तपासणी मुदतीच्या शेवटच्या दिवसांवर ठेवली असती तर या पाच दिवसांत लायसन्सचंही अडलं असतं.

12 एप्रिल

लायसन्स भरलं. रक्कम होडीच्या लांबी-रुंदीवर ठरते, वेळेत भरल्यास सूट मिळते. होडीचा क्रमांक दोन्ही बाजूंना वाचता येईल असा दिसायला हवा. डाव्या बाजूचा रंगकामात झाकला गेला होता, पुन्हा लिहिला.

21 एप्रिल : पहिली फेरी

काउली लॉक चढून उत्तरेला, आणि परत. उतरताना होडी पुढे ठेवायची. मागच्या दरवाजाखाली जो उंबरा असतो त्याची खूण भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. पाणी उतरताना सुकाणू त्या उंबऱ्यावर अडकलं तर नाळ खाली जाते आणि होडी काही मिनिटांत भरते. पाणी सोडणाऱ्याने विंडलास (झडप फिरवायचा दांडा) हातात ठेवून सुकाणूकडे बघत राहावं. काही अडकलं की आधी खालची झडप बंद, मग बाकी सगळं.

दोन तास चालल्यावर ग्लँड पाहिली. मिनिटाला आठ-नऊ थेंब. नव्या दोरीचं असंच होतं, ती बसते आणि सैल पडते. दोन्ही नटांना सारखा सहावा हिस्सा फेरा, पुन्हा अर्धा तास, पुन्हा तेवढाच. चालत्या इंजिनात मिनिटाला एक-दोन थेंब हवेत, बंद केल्यावर ग्रीसर फिरवला की शून्य. पेटीवर हात ठेवला, कोमट होती. हात ठेवता येईना इतकी तापली तर नट फार आवळले आहेत आणि दोरी शाफ्टला कुरतडते आहे, असं समजून लगेच ढिले करावेत.

शेवटी मागच्या बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साठतं त्या तळाच्या पोकळीत, बादलीभर पाणी ओतून स्वयंचलित पंप तपासला. मुख्य स्विच बंद असताना तो चालला नाही. कुणीतरी त्याची तार स्विचच्या पलीकडे जोडली होती, म्हणजे मालक होडी बंद करून घरी गेला की पंपही बंद. तार फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडली आणि पुन्हा बादली ओतली. पंप सुरू झाला, पाणी बाहेर पडल्यावर आपोआप थांबला. इंजिनखालच्या ताटलीतलं तेलकट पाणी या बिल्जमध्ये येऊ द्यायचं नाही, नाहीतर हाच पंप ते कालव्यात टाकेल. ते स्पंजने काढून डब्यात भरलं आणि पुढच्या बोटयार्डात टाकाऊ तेलाच्या टाकीत ओतलं.